मशीनला लावलेलं कुंकू

मनकर्णाबाईची झाडणी गावच्या पीककर्ज सोसायटीच्या ऑफिसात शिरली, की खुर्चीवरच्या माणसानं मुकाट पाय वर घ्यावे, अशी त्या बाईची वट. चांदूर रेल्वेकडचं हे गाव. ते बोंडअळीचं वर्ष. गाव दिवसा विजेची लाईन मागत होतं, म्हणजे ओलितासाठी अंधारात साप तुडवायला नको. लाईन काही आली नाही. शहरातल्या कोण्या दानशूरांना मात्र गावाच्या काळजाची काळजी पडली आणि त्यांनी मशीन पाठवलं. बंद पडू पाहणाऱ्या हृदयाला झटका देऊन ठिकाणावर आणणारं.

ते शिकवायला शहरातून साहेब आले. खुर्च्या बारा, बसणारे बारा. छातीवर चिकट पट्ट्या कशा लावायच्या, ते बाराही जणांनी फोटोपुरतं पाहिलं. गटसचिव पुंजाजींनी आपलं प्रमाणपत्र भिंतीवर टांगलं. मशीनच्या पेटीची किल्ली मात्र मनकर्णाबाईच्या पदराला, कारण ऑफिस उघडणारी तीच. शिकवणी चालली तेव्हा ती मागं चहा गाळत होती.

मशीनवर तिचा जीव जडला. रोज पुसायची. ऑफिसापुढं काट्यावर कापूस तोलणारा वलीभाई तिला छळायचा, की ताई, नवऱ्याले इतकं पुसलं असतं त तोही चमकला असता. तोंडाची लढाई बारमाही. राखी मात्र दरसाल त्याच्याच मनगटावर.

खंडेनवमीला सारी अवजारं पुजली. वलीनं काटा पुढं केला, तिनं पारड्याला कुंकू लावलं.

"तुह्या लाडक्यालेबी लाव," वलीनं मशीनकडं बोट दाखवलं.

आता पट्ट्यांच्या बंद पुडक्याला वरून लावलेलं कुंकू आत कसं पोचणार? तिनं पुडकं फाडलं, पट्ट्यांवरची झिल्ली सोलून हळदकुंकू वाहिलं, झिल्ली परत बसवली आणि पुडकं सुईदोऱ्यानं छान शिवून टाकलं. पुंजाजींनी हात जोडले. खोबरंही खाल्लं.

माघात, भर दुपारी, वली काट्याशीच कोसळला. मनकर्णाबाईनं धावत जाऊन मशीन आणलं. पुंजाजींनी शिवण उसवली. हवा लागून पट्ट्या वाळून पापड झालेल्या. छातीवर ठेवल्या की घसरायच्या. मशीन हिंदीत बजावत होतं, पट्ट्या लावा, पट्ट्या लावा. तिनं त्या तळव्यांनी दाबून धरल्या. मशीनचं पालुपद तेच. ॲम्ब्युलन्स आली तोवर वली थंड पडला होता.

मग गावाला जीभ फुटली. ज्या तोंडांनी प्रसाद खाल्ला, तीच तोंडं म्हणाली, अडाणी बाईनं माणूस घालवला. मनकर्णाबाई वलीच्या घरवालीपुढं, बिल्कीसपुढं जाऊन बसली आणि सारं सांगून मोकळी झाली.

"फाडलं तुमी, ताई," बिल्कीस म्हणाली. "पन फाडू नाही, हे तुमाले कोनी सांगतलं व्हतं का?"

नव्या पट्ट्या आल्या, साहेबही पुन्हा आले. खुर्च्या बारा. मनकर्णाबाई दारातून हलेना. पुंजाजींनी डोळ्यांनीच चहाचं सुचवलं.

"चहा मंग. पयले मले शिकवा."

यादीत नाव नाही, साहेब म्हणाले. वर पुंजाजींनी तिच्याकडून किल्ली मागून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली. पुंजाजी राहतात अमरावतीला. गावात येतात अकराला, जातात चारला.

तिनं चहा केला. बाराही जणांनी तो प्याला. साखर घातली नव्हती.