तेलाच्या बोटाखालचा सांधा

ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद आणि करवतीचं पातं एकावर एक ठेवायचं, सांधा धरावा म्हणून टाकणखार भुरभुरायचा आणि पांढरं होईतो तापवून ठोकायचं. मग दोन्ही एकजीव होतात. झालेत की नाही, हे वरून कळत नाही. घासून चकचकीत केलेली सुरी अ‍ॅसिडात बुडवली की कळतं. पाट्याचे थर काळे पडतात, करवतीचे उजळ राहतात, आणि लाकडात असतात तशा रेषा वर येतात. सांधा सुटला असेल, तर भेग दिसते. अ‍ॅसिडला भीडमुर्वत नसते. मला ते म्हणूनच आवडतं.

त्या दिवशीची सुरी वडिलांनी ठोकलेली होती. त्यांचे हात हल्ली थरथरतात, पण पिंपळवंडीच्या आमच्या भट्टीवर ते मला सांध्याला हात लावू देत नव्हते. त्यावरून आमचं रोज वाजायचं. शेवटी तेच चिडून म्हणाले, “ह्यो सांधा सुटला तर भट्टी तुजी. मग मी बोलणार न्हाई.”

मंचरहून आणलेली अ‍ॅसिडची पूड मी पाण्यात कालवत होतो. माझी पाठ वळल्यावर त्यांनी सुरीची पूजा केली. नव्या हत्याराला आमच्याकडे कुंकू लावतात, आणि ते चिकटावं म्हणून आधी तेलाचं बोट. मग कुंकू पुसून सुरी माझ्या हातात दिली.

बाहेर काढली तेव्हा रेषा सुरेख उमटल्या होत्या. फक्त सुरीच्या पाठीजवळ बोटाएवढा ठिपका कोरा; तिथे अ‍ॅसिड चढलंच नव्हतं.

“आबा, तेल लावलंत?”

“मग? पूजा नको व्हय?” त्यांनी सुरी उन्हात धरली. “भेग न्हाई कुठं. लई झ्याक धरलाय!” शेजारच्या बोरी गावापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले.

कोरा ठिपका ठेवून सुरी गिऱ्हाइकाला देता आली नसती. मी ती साबणाने धुऊन पुन्हा बुडवली. आता ठिपक्याच्या जागी रेषा आल्या, आणि त्यांच्यामधून केसाएवढी काळी भेग.

त्यांना जवळचं नीट दिसत नाही. “काय झालं?” त्यांनी विचारलं. मला खोटं बोलावंसं वाटलं. इतकी भांडून मागितलेली भट्टी मला त्या क्षणी नको होती. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी सुरी घेतली आणि पात्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. पुन्हा फिरवलं, तिथेच अडकलं.

दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा ते आधीच भट्टीच्या पंख्याचा, रोज मी फिरवायचो तो दांडा धरून बसले होते.

“वारं किती घालू?” त्यांनी मला विचारलं.