भस्माखालचं मलम

रेणापुरात शिवकांताबाईंच्या किराणा दुकानात कुणी उगाच हुज्जत घालत नाही. घातलीच तर बाई त्याला गप्प करूनच पाठवतात. एकदा फळीवरून घसरणारा तेलाचा डबा बाईंनी डाव्या हातानं झेलला. डबा वाचला, मनगट मात्र टम्म सुजलं.

दुखण्याचं त्यांना काही वाटलं नाही. धास्ती होती ती पूजेची. अडतीस वर्षं रोज दोन वेळा डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन त्या पूजेला बसतात. आता तोच हात थरथरायला लागला. लिंग हातून पडलं तर, या विचारानंच त्यांचा जीव अर्धा होई.

गावातल्या डॉक्टरीणबाई धम्मप्रिया यांनी मलमाची ट्यूब दिली. "मावशी, गोळ्यांनी तुम्हाला पित्त होतं. हे दुखतं तिथंच लावा, सकाळ-संध्याकाळ. सूज उतरेल."

दहा दिवसांत ट्यूब सपाट झाली, पण सूज जागची हलली नाही. बाई तडक दवाखान्यात.

"औषध दिलंय का थट्टा करायलात? लई लावलं, काडीचा गुण न्हाई!"

"कसं लावता, दाखवा बरं."

बाईंनी दाखवलं. आंघोळ झाली की आधी मलम, म्हणजे पूजेपुरता तरी हात धड राहील. आणि लगेच त्याच मनगटावर तीन बोटांनी भस्माचे पट्टे. संध्याकाळीही तेच.

डॉक्टरीणबाई खुर्चीत हसून लोटपोट झाल्या. "मावशी, मनगटाला काय मिळणार? सगळं मलम भस्मानंच पिऊन टाकलं! आधी पूजा, मग हात धुऊन मलम. आणि थोडे दिवस हाताखाली कुणाचा तरी आधार घ्या."

बाई आधी लाजल्या, मग त्याही खो खो हसल्या.

आधार म्हणजे नवराच. गुरुलिंगअप्पा रोज समोर बसून बायकोच्या मनगटाखाली आपला तळहात धरू लागले.

"हालू नका," बाई दटावत.

"दम तरी घेऊ का?" अप्पा विचारत.

नवव्या दिवशी सकाळी सूज उतरलेली दिसली. बाई म्हणाल्या, "काढा हात. धरते मी."

अप्पांनी हात काढला. लिंग तळहातावर स्थिर राहिलं. बाईंना इतका आनंद झाला की डोळे भरून आले. अप्पांनी हात काढला होता खरा, पण लांब नेला नव्हता. मनगटाच्या चार बोटं खाली तो तसाच धरून ते बसले होते. बाईंनी ते पाहिलं, आणि पूजा संपेपर्यंत तो हात तिथंच राहू दिला.