म्युझियमची किटली

आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर काही वर्षं एक जर्मनची किटली होती. ॲल्युमिनियमला आमच्याकडं जर्मन म्हणतात. दूधवाल्याकडं असते तशी, गळ्याशी निमुळती, वर घट्ट झाकण, तारेची कडी आणि कडीला लाकडाची मूठ. पोटाला एक पोचा. भंगारवाल्यानंही हातात धरून परत दिली असती अशी. ती युक्रेनमधल्या एका खेड्यातल्या म्युझियमची होती. ती परत पोचवताना मी जेवढा दमलो, तेवढा मुलीला तिकडं डॉक्टरकीला पाठवतानासुद्धा दमलो नव्हतो.

मी शाळेत इतिहास शिकवतो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो. बापानं खडी फोडली, आईनं टोपली वाहिली, मी बी.ए. झालो. मग माझ्या लेकीला इथं नंबर लागला नाही म्हणून ती डॉक्टर होणार नाही, हे मला पटणारच नव्हतं. तिकडं जागा मिळाली, गेली. बायको एवढंच म्हणाली, "लई लांब हाय का?" मी म्हटलं, "हाय. पण जाऊन येणारी लई हायेत."

युद्ध सुरू झालं तेव्हा लेक तिथल्या शहरात एका बाईंच्या घरी भाड्यानं राहत होती. सोबत परभणीची एक मैत्रीण. स्फोटांचे आवाज जवळ यायला लागले तशी बाईंनी दोघींना गाडीत घातलं आणि आपल्या गावी थोरल्या बहिणीकडं नेलं. ही थोरली बहीण म्हातारी. लेक तिला आजीच म्हणायची, त्यामुळं आमच्या घरात ती 'तिकडची आजी' झाली. आजीकडं गावच्या लाकडी चर्चची किल्ली असायची आणि चर्चला लागून असलेल्या दोन खोल्यांच्या म्युझियमचीही. म्युझियममध्ये चूल होती, तिची ऊब होती, म्हणून पोरी तिथंच झोपायच्या.

लेकीनं फोटो पाठवले होते. इथं बातम्या बघून आमचा जीव खालीवर होत होता आणि फोटोत काय, तर भिंतीवर भरतकामाचे लांब पंचे, कोपऱ्यात चरखा, विळे, लाकडी पाळणा, घुसळायची रवी. प्रत्येक वस्तूच्या बुडाला पांढऱ्या रंगात नंबर घातलेला. मी इतिहासाचा माणूस, तरी मला वाटलं, हे तर खेड्यात घराघरात असतं, याचं कसलं म्युझियम? आमच्या शहरात म्युझियम म्हटलं की तलवारी, चिलखतं, पोशाख. कुणाच्या आईची रवी तिथं नसते. नंतर एकदा वर्गात शिकवताशिकवता मनात आलं की आपल्या बापाची पहार कुठं गेली? मोडीत गेली. मीच नेऊन घातली होती, पहिल्या पगाराच्या सुमारास, घर स्वच्छ दिसावं म्हणून.

त्या म्युझियममधल्या किटलीची गोष्ट आजीनं पोरींना सांगितली होती; आमच्या कानावर ती फार उशिरा आली. मागच्या, देवधर्म न मानणाऱ्या राजवटीत गावातलं चर्च बंद झालं, आत धान्याचं कोठार केलं. दाराला वरून सरकारी कुलूप आलं. चर्चची जुनी किल्ली आजीच्या आईनं या किटलीत टाकली, वरून डुकराची चरबी ओतली आणि तळघरात ठेवून दिली. झडती घेणारे आले, झाकण उघडलं, नाक मुरडून पुन्हा लावलं. पुष्कळ वर्षांनी चर्च उघडलं तेव्हा चरबीतून किल्ली बाहेर निघाली आणि दाराच्या जुन्या कुलपाला लागली. तेव्हापासून किल्ली आणि किटली म्युझियममध्ये शेजारी शेजारी.

देवाच्या दाराच्या किल्लीची गोष्ट मी जरा वेगळ्या कानानं ऐकतो. आमच्या माणसांनी गावच्या देवळाची किल्ली सोडा, उंबरासुद्धा लांबून पाहिला. पुढं आम्ही धम्म घेतला आणि ती वाटच सोडली. तरी ती चरबी ओतणारी बाई मला आवडली. आमच्या आईनंही तेच केलं असतं.

पोरी गाव सोडून सरहद्दीकडं निघाल्या त्या सकाळी आजीनं बटाटे आणि अंडी उकडली. द्यायची कशात? झाकणाची भांडी सगळी सैनिकांना जेवण पोचवायला गेलेली. म्हातारी म्युझियममध्ये गेली आणि किटली घेऊन आली. लेकीच्या हातात देत म्हणाली, "परत येशील तेव्हा आण." लेकीनं हो म्हटलं.

लेक घरी आली ती किटलीसकट. आईला एवढंच म्हणाली, "आजीची आहे, सांभाळ." आणि झोपली ती दुसऱ्या दिवशी उठली. पुढचं शिक्षण काही काळ फोनवर झालं, मग डॉक्टरकीसाठी इथं द्यावी लागते त्या परीक्षेच्या क्लाससाठी ती पुण्याला राहिली. लोक भेटले की विचारायचे, "मग, मॅडम डॉक्टर झाल्या का?" मी आधी सविस्तर सांगायचो. नंतर नंतर "चालू आहे" म्हणायला लागलो.

ती पुण्यात असताना बुद्धपौर्णिमा आली. आमच्या पुंडलिकनगरात विहारात खीर होते आणि घरोघरची भांडी तिकडं जातात. जाताना भांडं आपलं असतं, येताना कुणाचं येईल सांगता येत नाही. त्यामुळं आमच्याकडं नाव घातल्याशिवाय भांडं बाहेर जात नाही. बायकोनं किटली चिंचेनं आणि काथ्यानं अशी घासली की चांदीची वाटावी. बुडाचा पांढरा नंबर म्हणजे तिच्या लेखी डाग. तोही काढला. मग औरंगपुऱ्याच्या बाजारात नेऊन नाव घालून आणलं. लेकीचं पूर्ण नाव, आडनावासह, खाली 'पुंडलिकनगर'. मी पाहिलं होतं. अक्षर चांगलं आलंय, असंही म्हटलं होतं.

लेक पुण्याहून आली आणि त्याच आठवड्यात आजीचा व्हिडिओ कॉल आला. स्फोटाच्या धक्क्यानं चर्चच्या खिडक्या फुटल्या होत्या, त्या बसवून झाल्या होत्या. तळघरात बांधून ठेवलेलं म्युझियमचं सामान आता वर आणायचं होतं. चर्चच्या सणाला खोल्या उघडायच्या होत्या. फोनमध्ये तिनं फळी दाखवली. किल्ली ठेवली होती आणि शेजारी जागा रिकामी. काहीतरी विचारलं. लेक मान हलवत राहिली. फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून ओरडली.

"मम्मी, यावर माझं नाव कुणी घातलं?"

"मी. मग कुणाचं घालू, शेजारणीचं?"

"अगं, ही म्युझियमची वस्तू आहे!"

"मग तसं सांगायचं ना. तू म्हणली आजीची हाय. आजीचं म्हंजी घरचंच की."

"आणि बुडाचा नंबर?"

"कसला नंबर? डाग व्हता."

लेक माझ्याकडं वळली. "पप्पा, तुम्ही तरी. दर वर्षी सहल घेऊन लेण्यात जाता. पोरांवर ओरडता ना, भिंतीवर नावं कोरू नका म्हणून?"

ओरडतो. घसा बसेपर्यंत ओरडतो. एका मुलाच्या हातातला खिळा काढून घेऊन त्याला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. आणि माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत, म्युझियमच्या वस्तूवर पत्त्यासकट नाव पडलं आणि मी अक्षराचं कौतुक केलं. आयुष्यभर एक गोष्ट मी मानानं सांभाळली होती. या घरात दुसऱ्याची वस्तू राहत नाही. सुईसुद्धा.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी किटली घेऊन औरंगपुऱ्यात गेलो. नाव घालणारे चाचा भांड्यांच्या दुकानाबाहेर टेबल टाकून बसतात. म्हटलं, "चाचा, हे नाव काढायचंय."

त्यांनी चष्मा वर केला. "क्यूं साब? लडकी का नाम है. शादी हो गई क्या?"

"नाही हो. वस्तू दुसऱ्याची आहे."

"मिटा देतूं, मिटाने को क्या. पण ये जर्मन पुराना है, पतला हो गया. मशीन लगाया तो भोक पडेगा. फिर दूध रखो नक्को, पानी रखो नक्को." मग बोटानं पोचा चाचपून म्हणाले, "और ये पुराने निशान भी सब जाएंगे. नाम के साथ उसकी उमर भी जाएगी साब."

तसाच परत आलो. दोन कुरिअरवाल्यांकडं गेलो. एकानं नकाशावर बोट ठेवून विचारलं, "इकडं?" दुसरा म्हणाला, "घेतो, पण पोचेल असं लिहून देत नाही." उन्हात स्कूटर लावायची, काढायची, किटली डिक्कीत बसत नाही म्हणून पायाशी धरायची. सिग्नलला शेजारचा विचारायचा, "सर, दूध कुठलं घेता?"

खरं भांडण घरात होतं. लेक म्हणत होती, मीच घेऊन जाते. तिच्या वर्गातले काही जण परत गेलेच होते, परभणीची मैत्रीणही निघाली होती. बायको एकच वाक्य म्हणायची, "तू जायची नाय." लेक म्हणायची, "मी शब्द दिलाय. परत येशील तेव्हा आण म्हणाली ती. पाठवून दे नाही म्हणाली." बायको कणीक तिंबत राहायची. मग दोघी माझ्याकडं बघायच्या. मला कुणाचीच बाजू घेता येईना. तिकडची आजी कॉलवर असताना एकदा मागं हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला होता. म्हातारी पाऊस आल्यासारखी शांतपणे उठली आणि तळघराकडं गेली. तो आवाज मी ऐकला होता. शेवटी मीच म्हटलं, "किटली मैत्रिणीबरोबर जाईल. तू नाही." लेक आपल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. घरात जेवणं झाली, पण ती ताटात वाढलेलं संपवायचं म्हणून झाली.

मैत्रीण निघायच्या आदल्या दिवशी आमच्याकडं आली. बायकोनं किटलीत स्टीलचा डबा घातला, डब्यात शंकरपाळे.

"काकू, हे कशाला?" मैत्रीण म्हणाली. "बॅगेत माझे कपडे न्यायचे का तुमचा फराळ?"

"तिनं भरून दिली व्हती ना? मग रिकामी कशी धाडू? आपल्यात नाय तसं."

"काकू, ते म्युझियम आहे. तिथं रिकामीच ठेवतात."

"ठेवू दे की. तिच्या हातात तर भरलेली पडंल."

लेक इतका वेळ दारात उभी होती. ती पुढं आली, तिनं कडीला धरून किटली बॅगेत बसवली आणि भोवती स्वतःची ओढणी गुंडाळली. मैत्रिणीला म्हणाली, "नावाचं मी आजीला सांगितलेलं नाही. तू काही बोलू नको."

बरेच दिवस काही कळलं नाही. मैत्रीण शहरात पोचली, पण गावाकडं जायला तिला सवड मिळेना, मग गाड्या बंद, मग परीक्षा. मी रोज शाळेतून आल्यावर विचारायचो आणि लेक रोज मान हलवायची. म्हातारीनं नाव बघून काय म्हटलं असेल, हा विचार मला वर्गातसुद्धा सोडत नव्हता.

एका रविवारी दुपारी कॉल आला. आजी म्युझियममध्ये, डोक्याला रुमाल बांधलेला. फोन मैत्रिणीनं धरलेला. किटली आजीच्या मांडीवर होती. ती नावावरून बोट फिरवत होती. काही विचारलं.

"काय म्हणती?" बायकोनं विचारलं.

"हे काय लिहिलंय म्हणते."

लेक आजीच्या भाषेत सांगायला लागली. बराच वेळ बोलली. खीर, विहार, शेजारणी, सगळं सांगत असावी. हातवारे करत होती. म्हातारी ऐकत होती. तिचा चेहरा मला वाचता येईना. मग ती उठली, बारीक ब्रश आणला, चष्मा लावला आणि किटली उलटी करून बुडाला पांढरा नंबर पुन्हा घातला. नाव तसंच ठेवलं. किटली फळीवर किल्लीच्या शेजारी गेली, नाव पुढं करून. चर्चची किल्ली आणि तिच्या शेजारी आमचं आडनाव. बापाचं आडनाव ते. मी चष्मा काढून पुसला, दुसरं काही नाही.

मग फोन सरकला आणि बायको उठून उभी राहिली. "अगं बाई! माझा डबा!"

किटलीच्या पलीकडं आमचा स्टीलचा डबा होता. त्याच्याही खालच्या कडेला पांढरा नंबर.

"सांग तिला, त्यो माझा हाय, रोजच्या वापरातला!"

"मम्मी, राहू दे. तिला वाटलं म्युझियमसाठीच दिला."

"आन् रिकामाच ठेवला का? इचार तिला."

लेकीनं विचारलं. म्हातारीनं डबा काढून झाकण उघडलं आणि फोनसमोर धरला. आत गहू होता, वर एक वाळकं फूल. मग ती डबा हातात धरूनच बोलायला लागली, लेकीकडं बघून, सावकाश. लेक ऐकत राहिली. कॉल संपला तरी फोनकडंच बघत होती.

"काय म्हणली गं?" बायकोनं विचारलं.

"म्हणाली, किटली कुणी आणली त्याचं काही नाही. डबा मात्र कुणाच्या हाती देणार नाही. न्यायला मीच यायचं. भोंगे थांबले की."

मी बायकोकडं बघितलं. आता ती म्हणणार, तू जायची नाय. ती ओट्याकडं वळली, रिकाम्या फळीवरून फडकं फिरवलं, फडकं पिळून वाळत घातलं.

"जाशील तवा जाशील," ती म्हणाली. "पण डबा सोडायचा नाय. नाव घातलेला हाय त्यो."