आमसुलाने घासलेला गडू

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताच सांगते. बी.एस्सी. झाले आणि लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात प्रयोगशाळेत लागले. कारखान्यांचं पाणी आमच्याकडे यायचं. चुना घातला की त्यातले धातू गाळ होऊन तळाला बसायचे आणि वरचं निवळ पाणी नदीकडे जायचं. ते सोडण्याआधी तपासायचं काम माझं.

एका सकाळी सोडायच्या पाण्यात तांबं मर्यादेच्या कितीतरी वर निघालं. मी व्हॉल्व्ह बंद करायला लावला. साहेब तरातरा आले. संध्याकाळपर्यंत टाकी भरणार, मग कारखाने थांबवायला सांगावं लागणार, तेही नोकरीला लागून चार महिने झालेल्या मुलीच्या आकड्यावर, असं त्यांनी ऐकवलं.

"सांगा की," मी म्हटलं. "खाली खाडीत माझी मावशी तिसऱ्यांचे शिंपले काढते. आम्ही त्या खातो."

बोलून गेले आणि पुन्हा सगळं तपासायला बसले. चुना तपासला, ठीक. निकेल, क्रोमियम रोजच्यासारखं. मग एकटं तांबंच कसं चढलं? नमुना काढणाऱ्या ऑपरेटर काकांना विचारलं. ते खुशीत होते. रोजचा प्लास्टिकचा मग फुटला, म्हणून त्यांनी डब्याबरोबर आणलेला घरचा तांब्याचा गडू वापरला होता.

"बाय, तुझ्या तपासणीला म्हणून मुद्दाम चांगलं भांडं घेतलं. काल पूजेला आमसुलानं घासलेला, तोंड दिसतंय बघ त्यात."

पाणी त्यात किती वेळ होतं, विचारलं. मी येईपर्यंत, म्हणाले. माझीच बस उशिरा आली होती.

मला हसू आवरेना. गडूत राहिलेल्या आमसुलाच्या आंबटाने गडूचंच तांबं सुटून पाण्यात उतरलं होतं. काकांचा चेहरा पडला, मग तेही हसायला लागले. प्लास्टिकच्या बाटलीत नवा नमुना काढला. मशीनपाशी साहेब आणि काका दोघंही माझ्या डोक्यावर उभे. आकडा मर्यादेच्या खूप खाली आला.

"म्हणजे व्हॉल्व्ह उगाच बंद केलात," साहेब म्हणाले.

"उगाच नाही. आकडा तसा आला तर उद्याही करीन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रजिस्टर पुढे ओढलं आणि लिहिलं की यापुढे माझी सही झाल्याशिवाय पाणी सोडायचं नाही. मी तिथल्या तिथे सही ठोकली.

व्हॉल्व्ह मीच उघडायचा, असा काकांचा हट्ट. चाक घट्ट बसलेलं. दोन्ही हातांनी लोंबकळले तरी हलेना. कॉलेजात हे शिकवलं नाही वाटतं, असं म्हणत काका बराच वेळ नुसती मजा बघत उभे राहिले आणि मगच त्यांनी हात लावला.