चित्रांच्या घरची लेक

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या तिच्या वडिलांना चित्रांचं भारी वेड. दुकानातून येताना बगलेत काहीतरी गुंडाळलेलं असायचंच. आई करवादायची, "आता हे काय माझ्या डोक्यावर टांगणार?" बघता बघता खोल्या भरल्या, मग जिनाही भरला. रंग उडतील म्हणून खिडक्या बंद, धूर बसेल म्हणून चूल मागच्या अंगणात. एकुलत्या एक लेकीला मैत्रीण घरी आणायची सोय नव्हती.

आईवडील गेले आणि सगळा पसारा तिच्या गळ्यात पडला. शाळेत शिवण शिकवून आली की हातात फडकं. पाऊस लागला की जीव टांगणीला. विकायला मन धजेना, सांभाळायला बळ पुरेना. पन्नाशी उलटल्यावर तिनं चित्रं घरासकट नगरपालिकेला देऊन टाकली आणि दोन खोल्यांत राहायला गेली. मावशीनं अबोला धरला. "भावोजींचा जीव होता त्यात! लोकांच्या हवाली केलास?"

घराचं संग्रहालय झालं, पण तिचं पाऊल तिकडे वळेना. काय बघावं लागेल कोण जाणे! शेवटी मावशीच दारात उभी राहिली. "चल. काय वाट लावलीय ते बघून येऊ."

आत मंद दिवे होते. तिच्या झोपायच्या खोलीत आता नुसतं एक बाकडं. समोरच्या चित्राची चौकट जराशी कलली होती. तिचा हात आपसूक पुढे गेला.

"बाई, मागे सरका. हात लावायचा नाही," पहारेकरी म्हणाला.

मावशी फणकारली, "अहो, हिच्या वडिलांची आहेत ती!"

"असतील हो. पण सांभाळायची आता मला आहेत. चौकटीचं सांगतो मी वर."

आणि तिला एकदम हसूच फुटलं. मावशी बघतच राहिली. कितीतरी वर्षांनी खांदे खाली आल्यासारखं तिला वाटलं. ती चार पावलं मागे सरकली, बाकड्यावर टेकली आणि तिनं ते चित्र जन्मात पहिल्यांदा निवांत पाहिलं. बाबांना एवढं काय आवडलं होतं, ते थोडं थोडं कळायला लागलं.

शेजारी एक जोडपं हुज्जत घालत होतं. तो म्हणे डोंगर, ती म्हणे बसलेली म्हैस.

"म्हैसच आहे," मावशी मध्येच म्हणाली. "माझी ताई शेवटपर्यंत म्हैसच म्हणायची. भावोजी असे चिडायचे!" आणि तिनं पदर सावरून सगळी हकिगत सांगायला घेतली. चारदोन माणसं आणखी जमली.

निघताना मावशी म्हणाली, "पुढच्या वेळी मला लवकर घेऊन ये गं. वरचा मजला राहिलाच."