डाक्टरांच्या ओळखीची माणसं

मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात काम करतो. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर जाऊन शेळ्यामेंढ्यांना लस टोचायची, जंताचं औषध पाजायचं, हे माझं काम. हुद्द्यानं मी डॉक्टर नाही. पण लोक मला डाक्टर म्हणतात आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

जुन्या गाड्यांचा नाद मला शाळेत असताना लागला. भोरच्या बाजारपेठेत आम्ही ज्या सलूनमध्ये केस कापायला जायचो, तिथं भिंतीवर जुन्या विलायती गाड्यांचं एक कॅलेंडर होतं. वर्ष उलटलं तरी ते कुणी काढलं नव्हतं. माझा नंबर येईपर्यंत मी त्या गाड्या पाठ करत बसायचो. घरात सायकलच्या वरचं वाहन कधी आलं नाही, त्यामुळे माझं सगळं ज्ञान चित्रांतलं. पुढे मोबाईल आला, तेव्हा माझ्यासारखेच नाद असलेल्या लोकांचा एक ग्रुप सापडला. कुणीतरी जुना फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी गाडी ओळखायची. लग्नातला फोटो, त्यात नवरानवरीच्या मागे अर्धं मडगार्ड; तेवढ्यावरून गाडी कुठली, साधारण कोणत्या काळातली, हे सांगायचं. दिव्यांची ठेवण, दार पुढून उघडतं की मागून, काच एकसंध की मधे पट्टी, अशा खुणा धरत जायचं. माझं उत्तर बरोबर आलं की पुण्यामुंबईचे मोठमोठे लोक शाबासकीचे अंगठे टाकायचे. दिवसभर शेळ्यांचे कान धरणाऱ्या माणसाला ते फार गोड लागायचं.

दोनेक वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर मी वेल्ह्याच्या अंगाला एका धनगर वस्तीवर आंत्रविषाराची लस टोचायला गेलो होतो. वस्तीचं नाव इथं लिहीत नाही. एकदा सांगितलं, तेवढं पुष्कळ झालं. तिथं एक म्हातारा-म्हातारी राहतात. त्यांना सगळे आबा आणि आजी म्हणतात, मीही तेच म्हणतो. मुलं शिवऱ्याला हायवेवरच्या हॉटेलात कामाला. लस टोचून झाली तशी आजी म्हणाल्या, “डाक्टर, एक करडू लंगडतंय, तेवडं बगा.” करडं कुठायत म्हणून विचारलं, तर त्यांनी गोठ्याच्या मागल्या बाजूला नेलं.

गवताच्या छपराखाली एक मोटार उभी होती. चाकांखाली दगड, टपावर गोवऱ्या. मागची सीट काढून आत पेंढा पसरला होता आणि त्यावर सात-आठ करडं एकमेकांच्या अंगावर पडून झोपली होती. दाराच्या कडेला हळदीच्या बोटांचे ठसे होते, जुन्यावर नवे, नव्यावर अजून नवे.

“दसऱ्याला लावते,” आजी म्हणाल्या. “उभी हाय तर लावायला नगं?”

मी करडू तपासायचं विसरून गाडीच तपासत होतो. नाव लिहिलेली पट्टी गळून गेली होती, पण बॉनेटच्या दोन्ही अंगांना दोन लांब पन्हळी कोरलेल्या होत्या. त्या बघितल्या आणि माझ्या अंगावर काटा आला. ही व्हॉक्सहॉल होती, दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागेची. अशी गाडी मी आजवर फक्त फोटोत पाहिली होती.

आबांनी तिची हकिगत सांगितली. ते शेरडांमागं जाण्याच्या वयाचे असताना खालच्या रस्त्याचं काम चाललं होतं. त्यांचे वडील त्या कामावर रखवालदार होते. ठेकेदाराची ही गाडी चढाला बंद पडली.

“ठेकेदार म्हनला, संभाळा, मी मानसं घिऊन येतो. बैल लावून आमच्या बानं हितवर आनली. मंग त्ये आलंच न्हाईत.”

“भंगारवाले मागत असतील.”

“लई येत्यात. पर आपली हाय का इकायला? दुसऱ्याची ठेव हाय. पावसात करडं ठिवतो आत, तेवडाच काय तो वापर.”

मी फोटो काढले. आबांना विचारलं नाही. विचारायचं सुचलंही नाही.

घरी येऊन मी एकच फोटो ग्रुपवर टाकला, पेंढा आणि करडं दिसतील असा, आणि लिहिलं, ‘ओळखा पाहू.’ कुणी मॉरिस म्हटलं, कुणी हिलमन. मी मुद्दाम गप्प राहिलो. मग पुण्याच्या एका सदस्यानं बरोबर ओळखलं. जुन्या गाड्या दुरुस्त करण्याचं त्याचं वर्कशॉप होतं आणि ग्रुपवर त्याच्या शब्दाला वजन होतं. पुढे त्यानं लिहिलं, ‘फोटो इंटरनेटवरून उचललेला दिसतोय. असं काही आपल्याकडे शिल्लक नाही.’ त्याखाली चारदोन जणांनी हसरे चेहरे टाकले.

ते मला झोंबलं. मी बाकीचे फोटो टाकले, मागे तोरणा दिसणारा एक टाकला. तरी कुणीतरी शंका काढलीच. तेव्हा मी रस्ता लिहिला. वेल्ह्याच्या पुढे कुठं वळायचं, डांबरी कुठं संपते, वस्तीवर कुणाचं घर विचारायचं, सगळं. आणि शेवटी लिहिलं, ‘डाक्टरांच्या ओळखीचे आहोत म्हणून सांगा. चहा मिळेल.’

अंगठ्यांची रांग लागली. त्या दिवशी मी जेवताना बायकोला दोनदा ते वाचून दाखवलं.

मग पाऊस लागला, जनावरांचे आजार सुरू झाले आणि मी भाटघरच्या बाजूच्या गावांत अडकलो. त्या वस्तीवर परत गेलो तो नवरात्राच्या सुमारास, जंताचं औषध घेऊन. आबा लांबूनच हात हलवत आले. पूर्वी कधी असे आले नव्हते.

“डाक्टर, कवाधरनं वाट बगतोय. दारं कवा आनून देत्यात वो?”

मला काही उमगेना. मी गोठ्यामागे गेलो. गाडीला बॉनेट नव्हतं. दोन्ही दिवे, पुढची जाळी, स्टेअरिंग, सगळं गेलं होतं. चारही दारांच्या जागी गोणपाटं लटकत होती.

“दोगं आलं व्हतं पिकअप घिऊन,” आबा सांगत होते. “तुमच्या वळखीचं हाय म्हनाले. डाक्टरनीच धाडलंय, गाडी दुरुस्त करायची हाय, पार्ट नीट करून परत बसवून देतो म्हनाले. म्या म्हनलं, बेस झालं. मालकाचं कुनी आलंच कवा, तर गाडी चांगली दिसंल. दारं जड लई. म्याच हात लावला पिकअपमदी टाकाया.”

आजी म्हणाल्या, “तुमचं नाव घेतलं मनून कोंबडं कापलं. पोटभर जेवून गेली.”

“आणि करडं?” मी विचारलं.

“दोन तरसानं नेली,” आबा म्हणाले. “गोनपाटाला काय दाद देतंय? ऱ्हायल्याली घरात घेतली मंग. दसरा आला, म्हनलं दारं आली तर हळद लावू. हिची एकच भुनभुन चाललीया. येतील न्हवं दसऱ्यापत्तूर?”

दोघं माझ्याकडे बघत होती. त्यांच्या तोंडावर संशयाचा मागमूसही नव्हता, आणि तेच मला सोसवेना. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर खाली मान घालून ऐकून घेता आल्या असत्या. मी म्हणालो, “येतील. जुन्या गाडीचं सामान मिळायला वेळ लागतो. मी विचारतो त्यांना.”

आबा आजींकडे वळून म्हणाले, “बग, सांगितलं न्हवतं?”

मी शेळ्यांना औषध पाजलं. निघताना आजींनी पिशवीत वालाच्या शेंगा घातल्या. मी त्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात कुणी नव्हतं. मी मोबाईल काढला आणि ग्रुपवरचे मागचे सगळे फोटो बघत गेलो. त्या वर्कशॉपवाल्याचा एक फोटो सापडला. एक गाडी अर्धी उघडलेली, आणि मागे भिंतीला टेकवलेलं एक दार. फोटो त्या गाडीसाठी काढला होता, दार चुकून आलं होतं. मी तो मोठा करून पाहिला. दाराच्या कडेला पिवळे ठसे होते, एकावर एक, बोटांचे.

त्याच फोटोखाली, पावसाळ्यातच, मी स्वतः लिहिलं होतं, ‘फार सुंदर काम, सर!’

मी त्याला फोन केला. त्यानं नाकारलं नाही.

“हे बघा, हिसकावून कुणी आणलं नाही. म्हाताऱ्यानं स्वतः उचलून दिलं. शेळ्या बांधत होते हो त्यात. आमच्याकडे निदान गाडीला तरी लागेल.”

“परत आणून देतो म्हणाला होतात.”

“बोलताना माणूस बोलतो. आणि पत्ता कुणी दिला? तुमचंच नाव सांगा म्हणून तुम्हीच लिहिलंत ना?”

मी फोन ठेवला आणि ग्रुपवर लिहायला बसलो. पहिल्यांदा जे लिहिलं त्यात त्याचीच सगळी चूक होती. वाचून पाहिलं आणि पुसलं. मग पत्ता मी कसा दिला, का दिला, आणि त्या घरातल्या माणसांनी काय समजून जेवण वाढलं, हे सगळं लिहून पाठवलं. दोघातिघांनी वाईट झालं म्हणून लिहिलं. एकानं ‘वैयक्तिक वाद इथे नकोत’ असं लिहिलं. मग कुणीतरी एका जुन्या जीपचा फोटो टाकला आणि सगळे तिच्या मागे लागले. संध्याकाळच्या आत मला ग्रुपमधून काढून टाकलेलं होतं.

तरी त्या लिहिण्याचा काहीतरी परिणाम झाला असावा. दसऱ्यानंतर मला त्या वर्कशॉपमधून फोन आला. दारं कापूरहोळला एका ढाब्यावर ठेवली आहेत, घेऊन जा. बाकीचं पुढे गेलं, त्याचं विचारू नका. मी एका ओळखीच्या टेम्पोवाल्याला घेऊन गेलो. चारही दारं होती. पण घासून, साफ करून त्यांना प्रायमरचा लाल हात दिलेला होता. हळदीचं एकही बोट उरलं नव्हतं.

टेम्पो वस्तीवर पोचला तेव्हा आबा आनंदानं पुढे आले. “आली का दारं! आन त्ये बॉनेट?”

मी म्हणालो, “आबा, जरा बसा.” ते बसले नाहीत. मग मीही उभ्यानंच सांगितलं. फोटो काढला, लोकांत टाकला, घराचा पत्ता दिला, माझं नाव सांगा म्हणून लिहिलं. ते दुरुस्त करणारे नव्हतेच. बाकीचं सामान आता येणार नाही.

आबा टेम्पोकडे वळले. आजी दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या.

“मागल्या टायमाला आलता तवा तुमाला म्हाईत व्हतं?”

“पूर्ण नाही. पण कळलं होतं.”

“तरी म्हनलात, येतील.”

“हो.”

“त्ये दोगं परकं व्हतं, डाक्टर. त्यांचं काय न्हाई. हिनं हळद कालवून ठिवली व्हती दसऱ्याला. मीच म्हनलं, डाक्टर सांगून गेल्यात, थांब. उद्या ठेकेदाराची मानसं आली तर म्या काय सांगू? आमच्या बानं येवडी वरसं संभाळली, आन म्या हात लावून पिकअपमदी घातली.”

लाज मला वाटायला हवी होती, आणि ती लाज तो माणूस स्वतःच्या डोक्यावर घेत होता. मी म्हणालो, “चूक माझी आहे, आबा. तुमची नाही.”

“त्ये झालंच की,” ते म्हणाले. “पर गाडी माज्याकडं व्हती.”

दारं आम्ही तिघांनी मिळून उतरवली. बिजागऱ्यांच्या खिळी नव्हत्या, म्हणून तारेनं बांधली. नीट बसली नाहीत, पण आत करडं राहतील इतकी लागली. चहा झाला नाही. मीही पाणी मागितलं नाही.

त्यानंतर मी वर्षातून दोन-तीनदा तिथं जातोच, काम आहे. आबा शेळ्या धरून देतात, लागेल तेवढं बोलतात. लंगडणारं करडू, न पान्हवणारी शेळी, सगळं सांगतात. मध्यंतरी सरकारनं जनावरांच्या कानात बिल्ले मारून त्यांची मोबाईलवर नोंद करायला सांगितली. मी एका शेळीला बिल्ला मारला आणि खिशातून मोबाईल काढला. आबांनी शेळी सोडून दिली.

“नंबर तोंडानं सांगतो, खाली जाऊन लिवा,” ते म्हणाले. “त्यो हितं काडू नका.”

मी मोबाईल पिशवीत टाकला. त्यांनी एकेक शेळी धरून बिल्ल्याचा नंबर मोठ्यानं वाचला. वाचता येत होतं तेवढं त्यांनी वाचलं, अडलं तिथं आजींना हाक मारली. जवळ कागद नव्हता, म्हणून मी नंबर तळहातावर पेननं लिहीत गेलो. हात भरला तेव्हा मनगटावर लिहिले, आणि घाम येऊन ते पुसू नयेत म्हणून हात अंगापासून लांब धरून मी डांबरीपर्यंत चालत आलो.