तंबूची कनात

भिजलेल्या कनातीचा वास आला की जत्रेतला सिनेमाचा तंबू आठवतो. तेलगावातल्या माझ्या मोबाईल-दुरुस्तीच्या दुकानात मी एका वर्षी त्याच तंबूत लागलेला नवा पिक्चर निम्म्या गावाच्या मोबाईलात चोरून भरून दिला होता. तंबूवाले चाचा जाब विचारायला आले, तेव्हा मी म्हणालो, "ते लोक तसंबी तिकीट काढत न्हाईत." चाचांची रीत अशी, की मध्यंतरानंतर कडेची कनात वर करायची आणि बिनतिकिटवाल्यांना आत घ्यायचं. त्या संध्याकाळी त्यांनी ती सुरुवातीलाच वर केली आणि भोंग्यावरून हाका मारल्या, "या, समद्यांना फुकट हाय!" समोर शेंगा खात बसलेल्या बाया जागच्या हलल्या नाहीत. "बघितला की मोबाईलवर," त्यातली एक म्हणाली. चाचांनी रिकाम्या तंबूत पिक्चर शेवटपर्यंत चालवला. पुढच्या जत्रेला तंबू आला नाही. विकायला काढलेली कनात मीच घेतली. आज माझ्या दुकानावर सावलीला तीच आहे.